स्पीकरवर ठेवलेली कॅसेट

शूटिंगमास्तर हे काही कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. तीस वर्षं खांद्यावर कॅमेरा घेऊन त्यांनी लोकांची लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं आणि निरोप समारंभ टिपले, आणि प्रत्येक ठिकाणी "जरा इकडे बघा, हं, आता हसा" असं इतक्या शिस्तीत सांगितलं की लोकांनी त्यांना मास्तर करून टाकलं. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि मास्तरांना कुणी बोलावेनासं झालं. तेव्हा त्यांनी घराची मागची खोली रिकामी केली, भंगारात निघालेले पाच व्हीसीआर गोळा केले, त्यातल्या तिघांचे अवयव काढून दोघांना जिवंत केलं, आणि दारावर पाटी लावली: जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर घालून मिळतील.

हे काम घायकुत्या माणसाचं नाही. तीन तासांची कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला तीनच तास लागतात, तिला पळवता येत नाही. आधी ती उघडून बघायची. पट्टीवर पांढरी बुरशी धरली असेल तर हलक्या हातानं पुसायची, तुटली असेल तर जोडायची, मग मशीनमध्ये घालायची आणि समोर बसून राहायचं. मास्तर बसून राहत. परक्यांच्या घरचे केक त्यांनी पडद्यावर एवढे कापलेले पाहिले होते की स्वतःच्या नातीच्या वाढदिवशी ते सुरी दिसली की दुसऱ्या खोलीत जात.

बसताना कानाला हेडफोन असायचाच. शूटिंगच्या काळातही असायचा. बाकीचे शूटिंगवाले मोकळ्या कानांनी हिंडायचे आणि मास्तर मात्र दोन मोठ्या काळ्या वाट्या कानांवर चढवून उभे. "मास्तर, विमान कधी उडणार?" असं कुणीतरी हमखास विचारायचं. मास्तर हसत नसत. दर पाच मिनिटांनी माईकची पिन चाचपून बघत, कालच घातलेला सेल आज बदलत. "कामाला एकदम चोख माणूस," असं लोक म्हणत. खरं सांगायचं तर मास्तर चोख वगैरे काही नव्हते. घाबरलेले होते. सत्तावीस वर्षं घाबरलेले होते, आणि कशाला, ते त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी दाराशी एक मुलगी आली. तिशी ओलांडलेली, अंगात औषधाच्या दुकानातला पांढरा कोट, हातात उशीचा अभ्रा. अभ्र्यातून तिनं एक कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली.

"काका, ही एकच आहे."

मास्तरांनी चष्मा नाकावर सरकवला आणि कॅसेटच्या कडेवरची चिठ्ठी वाचली. 'सत्कार समारंभ, छापखाना.' खाली लाल शाईच्या दोन रेघा. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. त्या काळी प्रत्येक कॅसेटवर ते अशा दोन रेघा मारत, रुबाब म्हणून.

मास्तरांनी खुर्चीची पाठ धरली.

"माझे बाबा छापखान्यात फोरमन होते," मुलगी सांगू लागली. "पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांचा सत्कार केला, त्याचं शूटिंग आहे. नंतर तीन दिवसांतच बाबा गेले. मी चार वर्षांची होते. मला त्यांचा आवाज आठवत नाही."

"हं," मास्तर म्हणाले.

"बाबा अडखळत बोलायचे. आई सांगते, एक वाक्य पुरं करायला त्यांना अर्धा चहा लागायचा. पण त्या दिवशी म्हणे नऊ मिनिटं बोलले आणि एकदाही अडखळले नाहीत. सगळे थक्क झाले. ते भाषण यात आहे." ती थांबली. "म्हणजे होतं. आता चित्र आहे, आवाज नाही. तो आईकडून गेला."

"आईकडून?"

"बाबांची मोठी म्युझिक सिस्टीम होती, रविवारी दिवसभर गाणी लावायचे. ते गेल्यावर आईनं ही कॅसेट त्यांच्या आवडीच्या जागी ठेवली. स्पीकरवर. वर्षभर तिला बघायचा धीर झाला नाही. मग शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणून लावली तर आवाजच नाही. शेजारी म्हणाले, स्पीकरमध्ये लोहचुंबक असतं वहिनी, पुसला गेला आवाज. आईनं त्याच आठवड्यात सिस्टीम देऊन टाकली. आमच्या घरात त्यानंतर कधी रेडिओसुद्धा लागला नाही." मुलगी थोडी हसली. "आता तिचे कान जात चालले आहेत. डॉक्टर म्हणतात, वर्षभर फार तर. म्हणून म्हटलं, हल्ली कॉम्प्युटरवर काय काय करतात, बघावं. थोडा जरी आवाज निघाला, एखादं वाक्य, तरी चालेल."

"ठेवून जा," मास्तर म्हणाले. "शुक्रवारी या."

ती गेली आणि मास्तर बराच वेळ कॅसेटकडे नुसते बघत बसले. तिला हात लावायची त्यांची हिंमत होत नव्हती.

आवाज लोहचुंबकानं गेलेला नव्हता. लोहचुंबक असं निवडून आवाज खात नाही, खायचंच झालं तर चित्रही खातं. आवाज त्या कॅसेटवर कधी आलाच नव्हता. मास्तर तेव्हा चौतीस वर्षांचे होते, हौसेनं नवा माईक घेतला होता, लांब वायरीचा. त्याची पिन कॅमेऱ्यात खोचली की कॅमेऱ्याचा स्वतःचा कान बंद होतो, मग ऐकायचं ते सगळं माईकनं. माईकच्या मानेला एक बारीक बटण होतं. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता म्हणून मास्तरांनी सेल वाचवायला ते बंद केलं, आणि लोक जमले, पाहुणे आले, गडबड उडाली, त्यात सुरू करायचं राहून गेलं. फोरमन नऊ मिनिटं बंद माईकसमोर बोलले. मास्तरांचं सगळं लक्ष चौकटीत होतं, कपाळावर दिव्याची चमक येतेय का, मागचा पडदा सरळ आहे का. कान कुणी वापरलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, घरी कॅसेट लावली तेव्हा चित्र आरशासारखं स्वच्छ आणि आवाज शून्य. त्यांनी दुसरी कॅसेट लावून बघितली, तिला आवाज होता. सोमवारी जाऊन सांगायचं ठरवलं. सोमवारी धीर झाला नाही, म्हणाले मंगळवारी. मंगळवारी सकाळी फोरमन मशीनपाशीच कोसळले आणि सांगायचं ते कायमचं घशात अडकलं. आठ दिवसांनी ते फोरमनच्या घरी गेले, दारात फोरमनचे भाऊ उभे होते, त्यांच्या हातात कॅसेट दिली आणि एक शब्दही न बोलता जिना उतरले. नवीन माईक त्यांनी विकून टाकला आणि दुसऱ्या दिवशी हेडफोन आणला.

पुढे वर्षभर दाराची कडी वाजली की ते आधी फटीतून बघायचे. कुणी आलं नाही. मग त्यांनी मनाशी धरलं, दुःखामुळे त्या लोकांनी कॅसेट बघितलीच नसेल. त्या समजुतीवर माणसानं संसार केला, मुलगी वाढवली, तिचं लग्न लावून दिलं.

आणि आता हे. भीतीच्या मारे त्यांना दुपारचं जेवण गेलं नाही. ओरडा खाण्याची, नाव जाण्याची भीती होतीच, ती का नसेल? 'चोख माणूस' ही सगळ्या आयुष्याची कमाई होती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. सुटायला वाट होती. काही करायचं नव्हतं, साधं खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. शुक्रवारी मान हलवून "खूप प्रयत्न केला, नाही निघत" एवढं म्हणायचं, आणि ते खरंच होतं! दोष घ्यायला ती बाई केव्हाची तयार बसलेली. आपण मान हलवणार हे मास्तरांना दिसत होतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

"काय झालंय तुम्हाला?" बायकोनं संध्याकाळी विचारलं. "तीनदा गॅस बघून आलात. मी अजून चहासुद्धा ठेवलेला नाही."

"काही नाही, एका कॅसेटला बुरशी आहे."

"कॅसेटला आहे ना? मग तुम्ही का असे पांढरे पडलाय?"

बुधवारी त्यांनी कॅसेट मशीनमध्ये घातली. चार मिनिटं खुर्च्या, फुलं, पाहुणे. मग फोरमन उठले. उंच माणूस, नवा शर्ट, शाईनं कायमची काळी झालेली नखं. ओठ हलू लागले. हेडफोनमध्ये नुसती सूं. मास्तरांनी कॉम्प्युटरवर आवाजाची पट्टी शेवटपर्यंत वर नेली, सूं मोठी झाली. त्यांना ठाऊक होतं खाली काही नाही, तरी त्यांनी तीनदा नेली. समोरचे लोक खदखदून हसत होते, कशाला हसत होते ते ऐकू येत नव्हतं. पहिल्या रांगेत एक तरुण बाई होती, मांडीवर लहान मूल, आणि ती हसत नव्हती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे अशी बघत होती की एखादा शब्द निसटेल आणि तो आपल्यालाच झेलायचा आहे.

मास्तरांनी हेडफोन काढून ठेवला.

गुरुवारी दुपारी फोन आला. "काका, घाई करत नाही हं," औषधवाली मुलगी म्हणाली. "आईनं फक्त एक विचारायला सांगितलंय. ती म्हणते, तुम्हाला कळत असेल. कॅसेट स्पीकरपासून किती लांब ठेवायला हवी होती? हातभर लांब, शेजारच्या फळीवर ठेवली असती तर वाचली असती का?"

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"काका? ती बरीच वर्षं हे विचारते. दर वेळी अंतर मोजते, फळी अजून तिथंच आहे ना. मी म्हणते, आई, सोड आता."

"मी येतो," मास्तर म्हणाले. "घरी येऊन सांगतो. आज संध्याकाळी."

त्यांनी फोन ठेवला. आता मान हलवायची सोय त्यांनी स्वतःच्या हातानं बंद केली होती.

घर तीन गल्ल्या पलीकडे होतं. सत्तावीस वर्षं मास्तर त्या गल्लीत शिरले नव्हते, भाजीला जायचं तरी वळसा घालून जात. जिना तोच होता. अठ्ठेचाळीस पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर ते पुटपुटत होते. "वहिनी, माझ्या हातून एक चूक झाली. वहिनी, फार जुनी गोष्ट आहे." हळू आवाजात, खाली बघून, कमीत कमी शब्दांत सांगायचं, असं त्यांनी बसवलं होतं.

मुलीनं दार उघडलं. खोली लहान, टापटीप. कोपऱ्यात रिकामी जागा होती, स्पीकर मावेल एवढी, आणि तिच्याशेजारी एक फळी. आई खिडकीपाशी ताठ बसली होती. डाव्या कानाला हाताचा द्रोण करून तिनं मास्तरांकडे तोंड फिरवलं.

"वहिनी," मास्तर हळूच म्हणाले, "माझ्या हातून एक चूक..."

"काय?"

"माझ्या हातून..."

"मोठ्यानं बोला हो. ऐकू येत नाही मला."

सत्तावीस वर्षं जी गोष्ट त्यांनी मनातल्या मनातसुद्धा हळू म्हटली होती, ती आता ओरडून सांगायची होती. दार उघडंच होतं, समोरच्या घरातून कुणीतरी डोकावलं, जिन्यात पावलं थांबली. मास्तरांनी डोळे मिटले आणि खच्चून ओरडले,

"आवाज तुमच्यामुळे गेला नाही! शूटिंग मी केलं होतं! मी माईक बंद ठेवला होता! कॅसेट पहिल्या दिवसापासून मुकी आहे!"

समोरच्या बाई दारातच उभ्या राहिल्या. मुलीच्या हातातली पाण्याची भांडी तशीच राहिली.

आईचा हात कानावरून खाली आला. "स्पीकरनं नाही?"

"नाही!"

"लोहचुंबक?"

"नाही! त्यानं असं होत नाही!"

"म्हणजे मी नाही?"

मास्तरांनी नुसती मान हलवली.

"तोंडानं सांगा."

"तुम्ही नाही!"

"परत सांगा."

"तुम्ही नाही, वहिनी! तुम्ही नाही!"

तिला ऐकू आलं होतं. पहिल्याच वेळी आलं होतं, हे मास्तरांना नंतर घरी जाताना कळलं. खिडकीतून खालच्या रस्त्यावरचे आवाज येत राहिले. मास्तर उभेच होते, बसा असं कुणी म्हटलं नव्हतं आणि म्हणेल असं वाटतही नव्हतं.

मुलगी आधी बोलली. "तुम्ही इथंच राहत होतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त लागलं. "तीन गल्ल्या. मी रोज शाळेत तुमच्या घरावरून जायचे."

मास्तरांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला.

"भावजींच्या हातात कॅसेट दिलीत, तेव्हा तुमची मान खाली होती," आई म्हणाली. "मी आतून बघत होते. मनात म्हटलं, परका माणूस, पण किती हळवा. तुम्हाला मनातल्या मनात मी आशीर्वाद दिला होता, माहिती आहे?"

"वहिनी..."

"थांबा. ही शाळेतून गाणं गुणगुणत आली की मी हिला गप्प करायचे. पाच वर्षांच्या पोरीला! गाणं ऐकलं की मला तो स्पीकर दिसायचा. या माणसाला देवानं एकदा सरळ बोलू दिलं, आणि ते मी पुसून टाकलं, हे घेऊन मी झोपायचे. रोज. तुम्ही काय घेऊन झोपायचात?"

"भीती," मास्तर म्हणाले. ते हळूच म्हणाले होते. तरी तिला कळलं असावं, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही.

मग तिनं मुलीला सांगितलं, "लाव ती." मास्तरांनी पेनड्राइव्हवर चित्र आणलं होतं, कॅसेटही परत आणली होती. मुलीनं लॅपटॉप टेबलावर ठेवला. फोरमन उठले, ओठ हलू लागले. मास्तर पडद्याकडे बघत नव्हते, त्या बाईच्या हातांकडे बघत होते. ते मांडीवर घट्ट धरलेले होते.

लोक हसले तशी मुलगी म्हणाली, "इथं काय म्हणाले असतील?"

मास्तरांना त्या नऊ मिनिटांतलं एकच वाक्य आठवत होतं. लोक एवढ्या जोरात हसले होते की कॅमेरा हलला होता, म्हणून आठवत होतं. ते घाबरत घाबरत, पण मोठ्यानं म्हणाले, "ते म्हणाले, मी अडखळतो हे मशीनच्या खडखडाटात पंचवीस वर्षं कुणाला कळलं नाही..."

"...आज साहेबांनी मशीन बंद ठेवलंय, आता माझी पंचाईत," आईनं पुरं केलं. पडद्यावरच्या ओठांवरून तिची नजर हलली नव्हती. "आणि मग म्हणाले, घरी मात्र मशीन नाही, तिथं बायकोनं सगळं ऐकून घेतलं." ती थांबली. "बरोबर आहे ना?"

"मला तेवढंच आठवतं," मास्तर म्हणाले. "पुढचं मी ऐकलं नव्हतं."

"मी ऐकलं होतं," ती म्हणाली. "पण मला वाटायचं, मला ते आठवायचा हक्क नाही." मग मुलीकडे वळून ती बोलू लागली, एकेक वाक्य, ओठ हलतील तसं, मधेच पुढचं आधी, आधीचं नंतर. मुलगी जमिनीवर बसली आणि ऐकू लागली. मास्तरांकडे कुणी बघत नव्हतं. ते भिंतीशी उभे राहिले, जावं की थांबावं हेही त्यांना विचारवेना.

निघताना आई म्हणाली, "माफ केलं असं मी म्हणणार नाही. आज तरी नाही."

"नका म्हणू."

"उद्या एक रेडिओ आणून द्या. मोठा. मला यंत्रातलं कळत नाही, तुम्हाला कळतं म्हणे." त्या 'म्हणे'त जेवढं होतं तेवढं मास्तरांना पुरलं.

दुसऱ्या दिवशी ते दोन्ही हातांनी रेडिओ सांभाळत अठ्ठेचाळीस पायऱ्या चढले. त्यांच्या स्वतःच्या घरातलाच होता, लाकडी खोक्याचा, दोन स्पीकरचा. सकाळभर बसून त्यांनी तो तीन वेळा तपासला होता. कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत त्यांनी तो ठेवला, वायर लावली. शेजारच्या फळीवर कॅसेट होती, काल रात्री मुलीनं तिथं ठेवलेली. चित्र कॉम्प्युटरवर उतरवून झालं होतं, आवाज तर मुळात नव्हताच, पुसलं जाण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी सवयीनं त्यांचा हात कॅसेट लांब सरकवायला पुढे गेला.

"राहू द्या," आई म्हणाली.

तिनं ती उचलली, पदरानं पुसली आणि रेडिओवर ठेवली, डाव्या स्पीकरच्या बरोबर वर. जरा तिरकी वाटली म्हणून सरळ केली. मग खुर्ची ओढून जवळ बसली, कानाला द्रोण न करता.

"लावा आता," ती म्हणाली. "मोठ्यानं."

मास्तरांनी बटण फिरवलं.